डॉक्टर, क्लायमेट चेंज आणि हेल्थ पॉलिसी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी पीएसएमवाला, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनचा डॉक्टर. हीटवेव्ह, पूर, प्रदूषण या विषयांवर पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) आणि पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, एमओंचं (मेडिकल ऑफिसरांचं) ट्रेनिंग घेतो, त्यामुळे मार्च लागला की फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात. प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत. उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तर तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. क्लायमेट चेंज हे पर्यावरणवाल्यांचं काम ना? डॉक्टरने त्यात कशाला पडायचं?

कारण पेशंट आपल्याकडे येतो, पर्यावरणवाल्यांकडे नाही. २०३० ते २०५० या काळात हवामान बदलामुळे वर्षाला साधारण अडीच लाख जादा मृत्यू होतील असा डब्ल्यूएचओचा अंदाज आहे, आणि त्यात धरलंय काय तर फक्त कुपोषण, मलेरिया, जुलाब आणि उष्णता. पूर, धूर, मानसिक आजार हे सगळं त्याच्या बाहेर. पण आकडे राहू द्या. एप्रिलमध्ये चंद्रपूर किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात दुपारी दोन वाजता ओपीडीत बसून बघा, चक्कर, उलटी, क्रॅम्प्स, क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याची खूण) वाढलेला शेतमजूर. दुपारच्या कामाची वेळ बदलली असती तर यातले बरेच जण आलेच नसते, आणि ती वेळ सलाईन लावून बदलत नाही, कुठल्यातरी आदेशाने बदलते. तो आदेश काढणाऱ्याला हे सांगणार कोण, हा खरा मुद्दा.

२. "लीड करणं" म्हणजे काय करायचं? भाषणं द्यायची का?

भाषणं देणारे भरपूर आहेत. मला अभिप्रेत असलेलं काम फार कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो. आपल्या दवाखान्यातली नोंद नीट ठेवायची, त्यातून एक आकडा काढायचा, तो आकडा ज्या मीटिंगमध्ये पैसा आणि आदेश ठरतात तिथे न्यायचा, आणि पुढच्या मीटिंगला परत जाऊन त्याचं काय झालं ते विचारायचं. एवढं करणारा एमओ माझ्या लेखी लीडर, मग त्याच्या नावापुढे फेलोशिप असो नसो. म्हणून ट्रेनिंगमध्ये मी सायन्सला कमी आणि फॉर्म, बजेट, मीटिंग यांना जास्त वेळ देतो. ग्रीनहाऊस इफेक्ट सगळ्यांना दहावीपासून पाठ आहे, पीआयपी (केंद्राकडे आरोग्यासाठी निधी मागायचा आराखडा) कधी भरतात ते विचारलं की हॉल शांत.

३. आपल्याकडे यासाठी सरकारी यंत्रणा आहे का, की सगळं एनजीओच्या भरवशावर?

आहे, आणि बऱ्याच डॉक्टरांना ती माहीतच नसते. २०१९ पासून नॅशनल प्रोग्रॅम ऑन क्लायमेट चेंज अँड ह्यूमन हेल्थ चालू आहे, तोंडी सगळे एनपीसीसीएचएच म्हणतात. दिल्लीच्या एनसीडीसीकडून (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) तो चालतो, पैसा एनएचएममधून (राष्ट्रीय आरोग्य अभियान) येतो. प्रत्येक राज्यात एक स्टेट नोडल ऑफिसर, प्रत्येक जिल्ह्यात एक जिल्हा नोडल ऑफिसर, राज्याचा आणि जिल्ह्याचा ॲक्शन प्लॅन, आणि एमओपासून आशाताईंपर्यंत ट्रेनिंग, असा तो आराखडा आहे. उष्णता, हवेचं प्रदूषण, डास-गोचीड-उंदरांपासूनचे आजार आणि दवाखाने हवामान झेलू शकतील असे करणं, हे त्याचे मुख्य विषय.

आता खरी परिस्थिती. नोडल ऑफिसर हा बहुतेक ठिकाणी दुसरे चार प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस असतो आणि हा पाचवा त्याच्या डोक्यावर. त्यामुळे तुम्ही स्वतःहून "सर, जिल्ह्याचा प्लॅन अपडेट करायला मदत करू का" म्हणालात तर कोणी नाही म्हणत नाही, उलट फाईलच हातात देतात. पॉलिसीत शिरायचा यापेक्षा सोपा दरवाजा मला माहीत नाही.

४. एमबीबीएसला हे शिकवतात का? मला तर काहीच आठवत नाही.

पीएसएममध्ये पर्यावरणाचं प्रकरण असतं, पाणी, हवा, आवाज, कचरा वगैरे, आणि त्यात क्लायमेट चेंज थोडंसं येऊन जातं. परीक्षेला शॉर्ट नोट आली तर आली. पण आत्ताच्या अभ्यासक्रमात दोन जागा अशा आहेत जिथे हे हाताने शिकता येतं. एक म्हणजे फॅमिली ॲडॉप्शन प्रोग्रॅम, यात विद्यार्थी गावातली कुटुंबं दत्तक घेतात. त्याच कुटुंबांच्या घरी मे महिन्यात दुपारी जा, पत्र्याचं छप्पर आहे का, पंखा चालतो का, पाणी किती लांबून आणतात, म्हातारं माणूस दुपारी कुठे झोपतं, हे लिहून काढा. दुसरी म्हणजे पीजींची तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी. ती बहुतेक जण "टाईमपास पोस्टिंग" समजून घालवतात. ती मार्च ते मे या काळात मागून घ्या आणि जिल्ह्याच्या उष्माघाताच्या नोंदींवर काम करा, थीसिस नसली तरी एक बरा पेपर निघतो.

५. पॉलिसी नंतर, आधी पेशंट तर वाचला पाहिजे. उष्माघाताचं क्लिनिकल ट्रेनिंग किती लागतं?

बरोबर आहे, ज्याला पेशंट सांभाळता येत नाही त्याचं मीटिंगमध्ये कोणी ऐकत नाही. चाळीस डिग्री किंवा त्याहून जास्त कोअर टेम्परेचर (शरीराच्या आतलं तापमान) आणि बरोबर शुद्धीत गडबड (बडबड, झटके, बेशुद्धी) म्हणजे हीटस्ट्रोक. काखेतल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, रेक्टल (गुदद्वारातून) घ्या. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, हा ताप नाहीये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी थंड करा, मग रेफर करा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, १०८ बोलावतात आणि पेशंट तापलेलाच तासभर प्रवास करतो. पहिल्या अर्ध्या तासात टेम्परेचर उतरवलं तर माणूस वाचायचे चान्सेस खूप वाढतात.

दिल्लीच्या राममनोहर लोहिया हॉस्पिटलने २०२४ मध्ये बर्फाच्या पाण्याचे टब असलेलं हीटस्ट्रोक युनिट सुरू केलं, ते बघून आमच्याकडचे एमओ म्हणतात की आम्हाला टब कुठून मिळणार. टब लागत नाही. ताडपत्री घ्या, पेशंट मध्ये झोपवा, चार जणांनी चार कोपरे उचलून धरा, त्यात पाणी आणि बर्फ ओता आणि हळूहळू हलवत राहा, एक जण डोक्याशी श्वासावर लक्ष ठेवायला. साधारण एकोणचाळीस डिग्रीला आलं की बाहेर काढा, नाहीतर हायपोथर्मियात जातो, म्हणजे अंग नको तितकं गार पडतं. गावात ताडपत्री नाही असं घर दाखवा. बर्फाचं मात्र आधी ठरवावं लागतं, रसवंतीवाला किंवा मच्छीवाला यांचा नंबर उष्माघात कक्षाच्या भिंतीवर लिहून ठेवा. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे एकदा खरंच करून घेतो, पेशंटच्या जागी एखादा इंटर्न, आणि कोपरा नेमका कोणाच्या हातातून सुटतो ते तेव्हाच कळतं.

६. डेथ सर्टिफिकेटवर उष्माघात लिहू का? सिनिअर म्हणतात कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट लिहून मोकळा हो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि अख्ख्या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून जरा लांब लिहितोय.

कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट हे मृत्यूचं कारण नाही, मरताना प्रत्येकाचं हृदय थांबतंच. मृत्यूचा प्रकार लिहू नका, कारण लिहा, अशी सूचना फॉर्मवरच असते, फक्त ती कोणी वाचत नाही. हॉस्पिटलमधल्या मृत्यूला फॉर्म ४, घरी झालेल्याला ४ए. भाग एकमध्ये वरच्या ओळीत तात्काळ कारण, आणि खालच्या ओळींत ते कशामुळे झालं ते. भाग दोनमध्ये हातभार लावणारे बाकीचे आजार.

समजा, शेतात दुपारी बेशुद्ध सापडलेला अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, रेक्टल टेम्परेचर एक्केचाळीसच्या वर, डायबेटिस जुना, सहा तासांनी गेला. वरच्या ओळीत मल्टी-ऑर्गन डिसफंक्शन (अनेक अवयव निकामी), त्याखाली हीटस्ट्रोक, त्याखाली उन्हात काम करताना नैसर्गिक उष्णतेचा संपर्क, आणि भाग दोनमध्ये डायबेटिस. कोडिंग करणारा मग टी ६७.० (हीटस्ट्रोक) आणि एक्स ३० (नैसर्गिक उष्णतेचा संपर्क) हे कोड लावू शकतो. तुम्ही अरेस्ट लिहिलंत तर तो बिचारा काहीच करू शकत नाही, आणि तो माणूस आकडेवारीत हार्टचा पेशंट म्हणून जमा होतो.

अवघड केस वेगळी. आधीपासून हार्टचा त्रास असलेली सत्तर वर्षांची बाई पत्र्याच्या घरात चार दिवसांच्या लाटेत गेली, टेम्परेचर कोणी मोजलंच नाही. इथे हीटस्ट्रोक ठोकून देऊ नका, ते खोटं होईल. मूळ कारण हृदयविकार, आणि परिस्थिती तशी असेल, दुसरं कारण दिसत नसेल, तर उष्णतेचा संपर्क हातभार लावणारं कारण म्हणून भाग दोनमध्ये लिहा. पोस्टमॉर्टेमला उष्माघाताची अशी खास खूण सापडत नाही, निदान बरंचसं परिस्थितीवरून होतं. म्हणून ती परिस्थिती, म्हणजे खोलीतलं तापमान, अंगावरचे कपडे, शेवटचं पाणी कधी प्यायली, कोणती औषधं चालू होती, हे केसपेपरवर त्याच दिवशी लिहिलेलं असलं पाहिजे. नातेवाईक दोन आठवड्यांनी काय सांगतील याचा भरवसा नाही.

दबाव येतो का? येतो. "आकडा वाढवू नका" हे कधी सरळ सांगतात, कधी फोनच्या टोनवरून कळतं. माझं उत्तर साधं, केसपेपरवर टेम्परेचर वेळेसकट लिहिलेलं असेल तर वाद घालायला कोणी येत नाही.

७. ही नोंद पुढे जाते कुठे?

दरवर्षी १ मार्चपासून उष्णतेच्या आजारांची रोजची माहिती आयएचआयपी या केंद्राच्या रोग-नोंदीच्या पोर्टलवर भरायची असते, संशयित उष्माघात आणि मृत्यू वेगवेगळे. त्यातून जिल्हा, राज्य आणि दिल्ली. शून्य केस असली तरी शून्य भरायचं. रकाना रिकामा ठेवला तर केस नाही की माहिती नाही ते कळत नाही. डेथ सर्टिफिकेटचा रस्ता निराळा, तो जन्म-मृत्यू नोंदणीतून जातो आणि तिथे आकडे यायला बराच वेळ लागतो. दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, पण का जुळत नाहीत ते नोडल ऑफिसरला सांगता आलं पाहिजे.

८. डॉक्टरांमुळे खरंच कुठे पॉलिसी बदलली का? एक तरी उदाहरण द्या.

अहमदाबाद. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ ला गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, पण हे तेव्हा कोणाला दिसलं नाही कारण उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू त्याच्या जवळपासही नव्हते. दिसलं ते नंतर, जेव्हा महापालिकेच्या नोंदवह्यांतले सगळ्या कारणांचे रोजचे मृत्यू काढून तापमानाशेजारी मांडले गेले. गांधीनगरच्या आयआयपीएच या सार्वजनिक आरोग्य संस्थेतले डॉ. दिलीप मावळणकर आणि त्यांचे सहकारी, महापालिका आणि बाहेरच्या काही संस्था यांनी मिळून २०१३ मध्ये हीट ॲक्शन प्लॅन आणला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारा, लोकांना माहिती, डॉक्टर-नर्सचं ट्रेनिंग आणि ऊन टाळायची सोय, एवढंच त्यात होतं, फार हायफाय काही नाही. त्यानंतर वर्षाला सरासरी हजाराहून जास्त मृत्यू टळले असावेत असा पुढच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. नागपूर महापालिकेने २०१६ मध्ये याच धर्तीवर प्लॅन केला.

पण मला त्यातली आवडती गोष्ट छोटी आहे. २०१० च्या त्याच उन्हाळ्यात तिथल्या एका हॉस्पिटलच्या बाळांच्या आयसीयूत उष्णतेने त्रासलेली नवजात बाळं वाढली. डॉक्टरांनी बघितलं तर प्रसूती वॉर्ड सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची. वॉर्ड खाली हलवला आणि अशी ॲडमिशन्स कमी झाली. यासाठी ना जीआर लागला ना ग्रँट, आणि त्यांनी ते मोजून, लिहून छापलं म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतोय. तुमच्या हॉस्पिटलचा लेबर वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे?

९. कोणता कोर्स करू? फुकट असेल तर उत्तम.

फुकटात सुरुवात करायची तर कोलंबिया युनिव्हर्सिटीतल्या ग्लोबल कन्सॉर्शियम ऑन क्लायमेट अँड हेल्थ एज्युकेशनचे ऑनलाईन कोर्स चांगले आहेत, लाईव्ह सेशन असतात, आपल्या वेळेला जरा रात्र होते. यूएन सीसी लर्नवर बेसिक मॉड्यूल मिळतात. यापेक्षा गंभीर करायचं असेल तर क्लायमेटचा कोर्स शोधू नका, एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र) शिका. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयईचा एफईटीपी, किंवा एनसीडीसीचा दोन वर्षांचा इंडिया ईआयएस, यातून बाहेर पडलेला माणूस हीटवेव्हवर काम करतोच आणि उद्या वेगळी साथ आली तर तिथेही उपयोगी पडतो. मुंबईत टीआयएसएस आहे, पुण्यात विद्यापीठाचं एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) आहे. पंचवीसच्या आत असाल आणि कायदे कसे होतात ते जवळून बघायचं असेल तर खासदाराबरोबर काम करायची लॅम्प फेलोशिप आहे, तिकडे डॉक्टर फारसे फिरकतच नाहीत.

वीकेंडच्या दोन दिवसांत "क्लायमेट हेल्थ लीडर" करून सोडणारे पेड कोर्सही फिरतात. सर्टिफिकेटचा कागद जाड असतो एवढंच बोलतो.

१०. अमेरिकेत म्हणे डॉक्टरांसाठी खास क्लायमेट पॉलिसी फेलोशिप आहे. आपल्याला जमेल का?

आहे. कोलोरॅडो युनिव्हर्सिटीच्या इमर्जन्सी मेडिसिन विभागाने २०१७ मध्ये क्लायमेट अँड हेल्थ सायन्स पॉलिसी फेलोशिप सुरू केली. कल्पना अशी की रेसिडेन्सी झालेल्या डॉक्टरने थोडी क्लिनिकल ड्युटी करायची आणि उरलेला वेळ संशोधन, सरकारी संस्था आणि धोरणाचं काम शिकायचं. पहिल्या फेलो डॉ. सेसिलिया सोरेन्सन पुढे प्रश्न ९ मधल्या कोलंबियाच्या कन्सॉर्शियमच्या प्रमुख झाल्या. कोलोरॅडोच्याच संशोधकांनी ग्वाटेमालातल्या ऊसतोड कामगारांच्या किडनीवर काम केलंय. ते पेपर बीड, अहिल्यानगरच्या डॉक्टरांनी जरूर वाचावेत, कारण मार्चच्या उन्हात फडात कोयता चालवणाऱ्यांचं क्रिएटिनिन आपल्याकडे हंगामाआधी आणि नंतर किती जण तपासतात?

जाण्याचं म्हणाल तर अडचण लायसन्सची. अशा फेलोशिपमध्ये तिकडे पेशंट बघायचे असतात, म्हणजे यूएसएमएलई (तिथली लायसन्सची परीक्षा) आणि बहुतेक वेळा तिथलीच रेसिडेन्सी. फक्त यासाठी तो खटाटोप करू नका. तिकडे असलेल्या मराठी मुलामुलींनी मात्र नक्की बघावं. आणि त्यांचा साचा इथे वापरता येतो, आठवड्यातले तीन दिवस ओपीडी आणि दोन दिवस जिल्हा कार्यालय, असं एखाद्या मेडिकल कॉलेजने ठरवलं तर अडवणारं काही नाही.

११. मी ॲनेस्थेशियात आहे, पीएसएमची आवड शून्य. माझा काय संबंध?

तुमचा तर थेट आहे. डेसफ्लुरेन हा भूल द्यायचा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साईडच्या अडीच हजार पट उष्णता धरून ठेवतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो वापरातून काढला, युरोपियन युनियनमध्ये २०२६ पासून त्यावर कडक बंधनं आहेत. सेवोफ्लुरेन, लो फ्लो, रीजनल ब्लॉक हे पर्याय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि डेसफ्लुरेनची बाटली महाग असल्याने मॅनेजमेंटला पटवणं अजिबात अवघड नाही. जगाच्या एकूण उत्सर्जनात आरोग्य क्षेत्राचा वाटा साडेचार-पाच टक्के आहे. इंग्लंडच्या एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) स्वतःच्या थेट उत्सर्जनासाठी २०४० आणि पुरवठादारांसकट २०४५ असं नेट झिरोचं टार्गेट घेतलंय.

चेस्टवाल्यांकडे गॅसवाले इनहेलर आहेत, गायनॅकवाल्यांकडे उष्णता आणि अकाली प्रसूती, सायकियाट्रीवाल्यांकडे लिथियमवरचे पेशंट, उन्हाळ्यात डिहायड्रेशन झालं की त्यांच्या रक्तातली लिथियमची लेव्हल चढते. कुठलीही ब्रँच सांगा.

१२. मी बीएएमएस आहे, उपकेंद्रावर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) म्हणून काम करते. हे फक्त एमबीबीएसवाल्यांसाठी आहे का?

मुळीच नाही मॅडम. आपल्याकडे गावातला पहिला डॉक्टर बऱ्याचदा बीएएमएसच असतो, उपकेंद्रावर तुम्ही आणि पीएचसीला अनेक ठिकाणी ग्रुप बीचे एमओ. एनपीसीसीएचएचचं ट्रेनिंग तुमच्यासाठीही आहे, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. आणि तुमच्याकडे जे आहे ते जिल्हा शल्य चिकित्सकांकडेही नाही: कुठल्या वाडीत कोण एकटं राहतं, कोणाचं छप्पर पत्र्याचं, कोण डायलिसिसवर, कोण नऊ महिन्यांची गरोदर. आशाताईंना घेऊन ही यादी फेब्रुवारीतच करून ठेवा. ऑरेंज अलर्ट आला की त्या यादीप्रमाणे फोन. यावर मी जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये सीएचओंना प्रेझेंटेशन करायला लावतो, आणि दरवेळी सर्जन लोकांपेक्षा त्यांचं ऐकलं जातं.

१३. कोकणात आयएमडीचा (हवामान खात्याचा) हीटवेव्हचा अलर्ट बऱ्याचदा येतच नाही, तरी लोक आडवे होतात. असं का?

निकष बघा. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७ लागतं, आणि शिवाय ते सहसा सरासरीपेक्षा किमान साडेचार डिग्री जास्त असावं लागतं. दमट हवेत छत्तीसलाच घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, पण कागदावर ती लाट नसते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण गेले, त्या दिवशी आसपासचं तापमान चाळिशीच्या खालीच होतं. त्यामुळे किनाऱ्याच्या जिल्ह्यांनी प्लॅनमध्ये आर्द्रता धरलीच पाहिजे आणि गर्दीच्या कार्यक्रमाच्या परवानगीला डॉक्टरची सही जोडली पाहिजे, वेळ कोणती, सावली किती, पाणी कुठे. हे माझं वैयक्तिक मत आहे, पण मी ते सोडणार नाही.

१४. साथ आली की सगळं क्लायमेट चेंजमुळेच झालं असं म्हणायचं का? लोक हसतात.

हसू द्या, पण त्यांना हसायची संधी आपणच देतो. माकडताप घ्या, जंगलातल्या गोचिडांमुळे होणारा. २०१५ ला गोव्यात सत्तरीत, २०१६ ला सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आला. हवामानाचा गोचिडांवर परिणाम होतो हे खरं, पण जंगलात वाढलेला वावर, काजूच्या बागांतलं काम, माकडांचे मृत्यू वेळेत न कळणं हे सगळं त्यात आहे. एकाच कारणावर बोट ठेवलंत तर पुढच्या मीटिंगला पशुसंवर्धन आणि वनविभागवाले येणारच नाहीत. लेप्टोचंही (उंदरांमुळे पुराच्या पाण्यातून होणारा ताप) तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नंतर मुंबईत लेप्टो वाढला. पाऊस मोठा होता, पण नाले, उंदीर आणि कचरा हे आपलेच.

मी असं बोलायला शिकवतो: "हवामान बदलामुळे अशा घटनांची शक्यता वाढते, या घटनेत बाकीची कारणं ही ही होती, आणि आपल्या हातात हे आहे." लेप्टोत हातात काय, तर पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन. तो साठा जूनच्या आधी आला का, एवढंच विचारा.

१५. मीटिंगमध्ये साहेब ऐकत नाहीत. पैसाही नाही म्हणतात.

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ऐकत नाहीत कारण आपण चाळीस स्लाईड नेतो आणि पहिल्या सहा स्लाईड ध्रुवीय अस्वलावर. मराठीत एक पान न्या. वर जिल्ह्याचा गेल्या उन्हाळ्याचा आकडा, मध्ये दोन मागण्या, खाली त्या कोणत्या विभागाने करायच्या. "जनजागृती व्हावी" ही मागणी नाही. "एप्रिल-मेमध्ये रोहयोची कामं दुपारी बारा ते चार बंद" ही मागणी आहे. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, शाळेची वेळ, कामाची वेळ, पाणपोया सगळं त्यांच्या एका सहीत येतं.

पैसा असतो, हेड शोधावं लागतं. पीएचसीच्या पातळीवर कूलर, ओआरएस, ताडपत्री हे रुग्ण कल्याण समिती किंवा अबंधित निधीतून निघतं. मोठं काही, जसं छपरावर सोलर किंवा कूल रूफ, तर जिल्हा नियोजन समिती. कायमचं पद किंवा ट्रेनिंग हवं तर पीआयपीत घालावं लागतं, आणि त्याचं वेळापत्रक चुकलं की वर्ष गेलं. पूरवाल्या तालुक्यांना एक जोडून सांगतो. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पुराचं पाणी कोविड हॉस्पिटलात शिरलं, वीज गेली, व्हेंटिलेटरवरचे पेशंट दगावले. तुमचा जनरेटर आणि ऑक्सिजन मॅनिफोल्ड कुठल्या पातळीवर आहे ते जूनच्या आधी स्वतः जाऊन बघा, फोटो काढा, त्या एका पानाला जोडा. फोटोवर लवकर सही होते.

१६. सरकारी नोकरीत आहे. पेपरात लिहिलं तर नोटीस येईल का?

येऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ प्रमाणे शासनाच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही. निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा वैज्ञानिक लिखाणाला साधारण मोकळीक आहे. म्हणजे "उष्माघात कसा ओळखावा" चालतं, "आमच्या जिल्ह्यात आकडे लपवतात" चालत नाही, खरं असलं तरी. मधला रस्ता म्हणजे जर्नलमध्ये पेपर, संस्थेची परवानगी आणि एथिक्स कमिटी घेऊन, आणि मग पत्रकार तो पेपर वाचतीलच. पेशंटचं नाव, गाव, फोटो कुठेही नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर पण नाही. बॉण्डवर असाल तरी हेच धरून चाला.

१७. भारताने सीओपी २८ या जागतिक हवामान परिषदेच्या हेल्थ डिक्लेरेशनवर सही केली नाही म्हणे. मग आपण कशाला मरमर करायची?

दुबईत ३ डिसेंबर २०२३ ला पहिल्यांदा आरोग्याचा वेगळा दिवस झाला, १२० हून जास्त देशांनी त्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला आणि भारत त्यात नव्हता, हे खरं. अडचण मुख्यतः आरोग्य क्षेत्रातलं उत्सर्जन कमी करण्याच्या कलमाची होती, कूलिंगसाठी लागणारे गॅस लगेच कमी करणं जमणार नाही असं कारण बातम्यांत आलं. मला ते निम्मं पटतं. ज्या देशात लसीची कोल्ड चेन अजून वाढवायची आहे, लेबर रूमला एसी लावायचा आहे, तिथे कूलिंग कमी करा हे ऐकायला विचित्रच. निम्मं पटत नाही, कारण डेसफ्लुरेनला (प्रश्न ११) हा बचाव लागू होत नाही. पण तुमच्या जिल्ह्याच्या प्लॅनला यातलं काहीच अडवत नाही, तो प्रश्न ३ मधल्या यंत्रणेतून चालतो.

१८. यात करिअर आहे का? पैसे?

क्लिनिकल प्रॅक्टिसइतके नाहीत. डब्ल्यूएचओ, युनिसेफ, संशोधन संस्था, मोठ्या एनजीओ यांच्याकडे कन्सल्टंटची कामं निघतात, बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर, वर्ष-दोन वर्षांची. माझा सल्ला, ओपीडी सोडू नका. पेशंट बघणं बंद केलेल्या डॉक्टरचं मीटिंगमधलं वजन हळूहळू उतरतं, असं मी तरी बघत आलोय.

१९. सगळं बसवलं आणि माझी बदली झाली तर?

होणारच, बहुतेक वेळा ऐन मेमध्ये. म्हणून काहीही स्वतःच्या नावावर, स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या जीमेलवर ठेवू नका. घरांची यादी (प्रश्न १२) आशाताईंच्या रजिस्टरमध्ये, बर्फवाल्याचा नंबर भिंतीवर, मागण्यांचं पान आवक-जावक नंबर घेऊन फाईलला, आणि जिल्हा बैठकीच्या इतिवृत्तात तुमचा मुद्दा आलाय का ते सही व्हायच्या आधी वाचून घ्या, नसेल तर लेखी कळवा. चार्ज देताना नवीन एमओला ताडपत्री कुठे ठेवलीय ते कपाट उघडून दाखवा. आणि नव्या जागी रुजू झालात की पहिल्या आठवड्यात तिथला जिल्हा प्लॅन मागा. "आहे ना, कुठेतरी आहे" असं उत्तर आलं तर परत प्रश्न ३ पासून सुरू करा.